माकडहाड

किनवटच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला,
म्हणाला, मावशी, माकडहाडाला मार बसलाय,
महिनाभर बसायचं नाही.
बसायचं नाही तर काय, उड्या मारू का, म्हटलं.
तो हसला नाही. नवा होता.

मी कॉलेजात शिपाई, प्राणिशास्त्राकडं.
नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर लागले,
तेव्हापासून बेडूक, झुरळं, फॉर्मालिन,
परीक्षक आले की पोहे.
औंदा मॅडमनी वानरीण जोडायला दिली.

तिला माहूरच्या घाटात ट्रकनं उडवलं होतं.
खालच्या तांड्यानं तिला हिरवं नेसवलं,
हलगी लावून पुरलं,
दहाव्याला चौघांनी डोकी भादरली.
दीड वर्षानं वनखात्याचा कागद आला,
तेव्हा मॅडम खुरपं, चाळणी अन् पेढे घेऊन
लच्छू आडेच्या दारात उभ्या.
न्या, म्हणाला, पण खड्ड्यात नारळ ठेवून जा.

मातीनं काम चोख केलेलं.
वास नाही, काही नाही,
डोळ्याच्या खोबणीत गवताची मुळी तेवढी.
मॅडमनी बोट घालून दाखवलं:
खोबण मागून बंद, हाडाची वाटी.
गाईचे डोळे बाजूला, हिचे समोर,
दोन्ही एकाच फांदीवर.
अंतर चुकलं की संपलं.
(ट्रकचं अंतर कुणी शिकवलं नाही तिला.)

दात मोजले. बत्तीस.
माझे एकोणतीस.
नखं चपटी, मेंदी लावता येईल अशी.
अंगठा मात्र आखूड,
बाकी चार बोटं लांब, आकडीसारखी,
झाडाला अंगठ्याची अडचणच होत असणार.
आमच्या सासूचा अंगठा चांगला लांब आहे,
पण निंदून निंदून गुळगुळीत झालाय,
रेशनच्या मशीनवर उमटत नाही.
पाचव्यांदा दाबला की दुकानदार म्हणतो,
म्हातारे, मशीनला तू पटत नाहीस.

मग शेपूट.
वर्तमानपत्र अंथरून मणके मांडत गेले,
गुडघ्यावर, कारण बसायचं नाही.
सव्वीस.
शेवटचे तर काडेपेटीतल्या काडीचे तुकडे.
माझ्याकडं चार, तेही एकमेकांत विरघळलेले.
एवढ्याशासाठी एवढं दुखतं?
मॅडम म्हणाल्या, गेलं नाही ते, आत वळलंय,
खालचे स्नायू त्याला धरून असतात.
म्हणजे माझ्या दोन्ही बाळंतपणांत
ते तिथंच होतं, मला न विचारता.

चाळणीत सगळ्यात शेवटी
दुसरीच हाडं आली.
कवटी अंड्याच्या टरफलासारखी,
श्वास लागला तरी हलत होती.
आडेची सून दारातूनच म्हणाली,
लेकरू होतं, काळं होतं अजून,
आम्हीच ठेवलं तिच्या कुशीत.
मॅडम थांबल्या. मग हळू म्हणाल्या,
तिचंच असेल असं नाही.
टोळीत लेकरू फिरतं.
ही घेते, ती घेते,
न व्यालेली पोर शिकायला घेते, उलटंच धरते,
तेवढ्यात आईला पोटभर पाला खाता येतो.
त्या दिवशी कुणाचं कुणाच्या पोटाला होतं
ते हाडं सांगत नाहीत.

मी नोकरीला लागले तेव्हा
धाकटी सात महिन्यांची.
जावेच्या अंगावर प्याली ती, रुक्मीच्या पोरासोबत.
कडेवर दोघं बघून लोक विचारायचे, तुझं कुठलं?
रुक्मी म्हणायची, जे रडंल ते.

वानरीण आता काचेच्या कपाटात उभी आहे.
तार मीच लावली, शेपूट जरा वाकडी झाली.
पोरं प्रॅक्टिकलला येतात, अंगठ्याला हात लावतात,
मी स्टुलावरून खॅक् करून ओरडते.
ढुंगणाखाली सायकलची ट्यूब.

लेकराची हाडं कापसात आहेत, बिस्किटाच्या डब्यात,
खालच्या खणात, चावी माझ्याकडं.
रजिस्टरात लिहिलं: वानर, मादी, सांगाडा.
पुढं रकाना आहे, नग.
तिथं पेन टेकवलं होतं.
निळा ठिपका पडलाय.